याच पोरानं खाल्लं

हा भाग ऐकण्याऐवजी वाचायला आवडणाऱ्यांसाठी त्याचं हे शब्दांकन. बोलले तसंच ठेवलंय, माझं अडखळणं तेवढं काढलंय.

आज एका शब्दापासून सुरू करूया. शेगे.

किन्शासा ही डेमोक्रॅटिक रिपब्लिक ऑफ काँगो या देशाची राजधानी. नुसतं ‘काँगो’ शोधलंत तर दोन देश सापडतील, नदीच्या या काठाला एक, त्या काठाला एक. आपण मोठ्याबद्दल बोलतोय. क्षेत्रफळानं भारताच्या दोन तृतीयांशापेक्षा थोडा जास्तच. एकट्या किन्शासाची लोकसंख्या दीड कोटीच्या वर. तिथे रस्त्यावर राहणाऱ्या मुलाला शेगे म्हणतात.

हा शब्द आला कुठून, याच्या दोन गोष्टी सांगतात. एक म्हणजे चे गेव्हारावरून. कुणाला न जुमानणारा, अंगावर घेणारा, म्हणून शेगे. दुसरी मला जास्त पटते. शेंगेन! हो, तोच शेंगेन, ज्याच्या व्हिसासाठी आपण बँकेची सहा महिन्यांची स्टेटमेंटं गोळा करत बसतो. ज्याला घर नाही त्याला हद्द नाही, शहरभर कुठेही फिरा, सगळं आपलंच. असा तो विनोद. मुलांनी स्वतःवरच केलेला की दुसऱ्यांनी त्यांच्यावर, देव जाणे.

ही मुलं करतात काय? बाजारात ओझी वाहतात, गाड्या पुसतात, बूट पॉलिश करतात, प्लास्टिकच्या पुड्यांतलं गार पाणी विकतात. मातोंगे नावाच्या भागात रात्रभर बिअरचे बार आणि गाणी चालू असतात, तिथे रात्री जमतात, कारण जाग असलेल्या ठिकाणी झोपणं त्यातल्या त्यात बरं. नवीन आलेल्या मुलाला आधीचे मोठे मुलगे मारून ‘सामील’ करून घेतात, त्याचे पैसे काढून घेतात. पोलीस पकडतात आणि सोडायचे पैसे घेतात. मुलींच्या वाट्याला काय येतं ते मी तपशिलात सांगत नाही. इतकंच सांगते की रस्त्यावरच जन्मलेली, म्हणजे आईसुद्धा शेगे असलेली मुलं आता तिथे आहेत.

आता मला पडलेला प्रश्न. काँगोतलं युद्ध म्हटलं की आपण बातम्यांत पाहतो तो पूर्वेचा भाग, रवांडाच्या सीमेजवळचा. किन्शासा तिथून दीड हजार किलोमीटर लांब, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. मध्ये सलग धड रस्तासुद्धा नाही. मग बंदूक तिकडे आणि मुलं रस्त्यावर इकडे, हे कसं? मी आपलं गृहीत धरलं होतं की ही सगळी युद्धात आईबाप गेलेली मुलं असणार.

मग मी ह्यूमन राइट्स वॉचचा २००६ चा, काँगोतल्या रस्त्यावरच्या मुलांवरचा अहवाल वाचला आणि एका ठिकाणी थांबले. मुलांसाठी काम करणाऱ्या तिथल्या लोकांचा अंदाज त्यात दिलाय. रस्त्यावरच्या मुलांपैकी ७० टक्क्यांपर्यंत मुलांवर, रस्त्यावर येण्याआधी, त्यांच्या स्वतःच्या घरात चेटूक केल्याचा आरोप झालेला होता.

घरच्यांनी. आई, सावत्र आई, काका, आजी. बाप मेला, कुणी खाल्ला? याच पोरानं. काकाची नोकरी गेली, कुणी घालवली? यानंच.

तिथल्या भाषेत या शक्तीला किंदोकी म्हणतात. आणि किंदोकीवाला माणूस जे करतो त्याला शब्द आहे ‘खाणं’. तो माणसाला आतून खातो, घराचं नशीब खातो. मुलाला ही शक्ती मिळते तीही खाण्यातूनच. बाजारात कुणीतरी त्याच्या हातावर पावाचा तुकडा किंवा चार शेंगदाणे ठेवले, त्यानं खाल्ले, की झालं. मग रात्री तो उडत जातो आणि ‘उधारी’ फेडायला घरातलं एकेक माणूस देतो. ज्या शहरात भुकेल्या पोराच्या हातावर कुणीही काही ठेवलं तर ते तो खाणारच, त्या शहरात ही समजूत आहे.

आरोप कुणावर होतो? जो आधीच घरात जड झालाय त्याच्यावर. आईबाप गेल्यावर नातेवाइकांकडे आलेला. सावत्र. फिट येणारा. तोतरा. अंथरूण ओलं करणारा. उलट बोलणारा. आणि कधीकधी वयाच्या मानानं फारच हुशार असलेला!

हे ऐकून ‘बापरे, किती मागासलेले लोक’ असं कुणाच्या मनात आलं असेल, तर जरा थांबा. माझ्या आजोळी एक मुलगी होती. तिच्या जन्मानंतर आठव्या दिवशी तिची आई गेली. शेजारपाजारच्या बायका तिच्यासमोर, ती पाच-सहा वर्षांची असताना, सहज म्हणायच्या, ‘आईला खाऊन बसली.’ मी स्वतः ऐकलंय. पांढऱ्या पायाची, हा शब्दही मी तिच्याबद्दलच पहिल्यांदा ऐकला. क्रियापद तेच आहे बघा. खाल्लं. किन्शासा आणि आमचं गाव यांच्यात एक अख्खा समुद्र आहे आणि क्रियापद तेच.

फरक एवढाच की त्या मुलीला कुणी घराबाहेर काढलं नाही. का? तिची आजी खमकी होती हे खरं. पण त्या घरात दोन एकर जमीन होती, रेशनचं धान्य येत होतं, गावात झेडपीची शाळा होती आणि तिला फी नव्हती. बोलणं तिला खूप खावं लागलं, पण तिच्या ताटातली भाकरी कुणाच्या डोळ्यात आली नाही. मला किन्शासाबद्दल वाचताना सारखी ती आठवत होती. त्या घरातनं जमीन, रेशन आणि शाळा काढून घेतली असती तर आजी किती दिवस पुरली असती?

तर किन्शासाच्या घरांतनं हे सगळं कसं निघून गेलं, ते बघू. कारण एक गोष्ट लक्षात घ्या, ही काही पुरातन परंपरा नाही. चेटकाची समजूत जुनी आहे, पण आरोप व्हायचा तो म्हाताऱ्यांवर. लहान मुलांवर तो असा सर्रास यायला लागला तो १९९० च्या दशकात. म्हणजे मोबुतूच्या राजवटीची शेवटची वर्षं.

तीस वर्षं तो माणूस सत्तेत होता आणि देश खणून खाल्ला. दक्षिणेला कटांगा प्रांतात गेकामिन नावाची सरकारी खाण कंपनी होती. १९८० च्या दशकात ती वर्षाला चार लाख टनांच्या वर तांबं काढायची. सरकारची निम्मी-अधिक चूल तिच्यावर पेटायची. पैसा वर गेला, यंत्रांना तेलपाणी झालं नाही, १९९० मध्ये कामोतोची मोठी खाण कोसळली आणि १९९३ पर्यंत उत्पादन पन्नास हजार टनांच्या आसपास आलं. सप्टेंबर १९९१ मध्ये पगार न मिळालेल्या सैनिकांनी किन्शासा लुटलं. त्यांच्यामागून नागरिकांनीही लुटलं. जानेवारी १९९३ मध्ये सैनिकांना पगार म्हणून पन्नास लाखांच्या नव्या नोटा दिल्या, त्या दुकानदार घेईनात, आणि पुन्हा लुटालूट. १९९४ मध्ये महागाईचा दर ९,००० टक्क्यांच्या वर होता. हा आकडा मी दोनदा तपासला.

कारखाने गेले, नोकऱ्या गेल्या, सरकारी शिक्षकाचा पगार बंद झाला. मग शिक्षकाला पगार द्यायचे पालक, म्हणजे शाळेची फी. ज्याच्याकडे फी नाही ते पोर घरात. आणि घरात दिवसभर दिसणारं पोर म्हणजे दिवसभर दिसणारं एक तोंड.

याच सुमाराची आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. फिलिप दे बूक हे बेल्जियमचे मानववंशशास्त्रज्ञ. किन्शासावर वर्षानुवर्षं काम केलेला माणूस. त्यांनी लिहिलंय की १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला काँगोच्या नैर्ऋत्य भागातली आणि किन्शासातली पोरं सीमा ओलांडून अंगोलात, लुंडा नोर्ते भागात हिरे खणायला जायला लागली. तिथे उनिता नावाची बंडखोर संघटना हिऱ्यांवर युद्ध चालवत होती. या पोरांना नाव पडलं ‘बाना लुंडा’, लुंडाची मुलं. कित्येक तिथेच मेली. जी परत आली, ती खिशात डॉलर घेऊन आली.

आता कल्पना करा. बापाचा पगार बंद. त्याच्या नोटा कुणी घेत नाही. आणि पंधरा-सोळा वर्षांचं पोर डॉलर घेऊन दारात उभं. घरात कुणी कुणाला काय म्हणायचं, कुणी कुणाला पोसायचं, हे सगळं उलटंपालटं झालं. मुलांकडे काहीतरी शक्ती आहे, आणि ती आपल्याला कळत नाही, ही भीती हवेत कुठून आली याचं हे एक उत्तर आहे. जमिनीतल्या दगडानं बाप-लेकाचं नातं उलटवलं.

आणि मग युद्ध. १९९६ मध्ये लोरां कबिला पूर्वेकडून सैन्य घेऊन निघाला आणि १७ मे १९९७ ला त्याचं सैन्य किन्शासात शिरलं. त्याच्या सैन्यात हजारो लहान मुलं होती, गमबूट घालून, बंदूक खांद्यावर. त्यांना कादोगो म्हणायचे, स्वाहिलीत ‘छोटू’. म्हणजे एक शहर एकाच वेळी दोन प्रकारची मुलं बघत होतं, एक घराबाहेर काढलेली आणि एक बंदूक घेऊन आलेली. जानेवारी २००१ मध्ये कबिलाला त्याच्याच एका अंगरक्षकानं गोळी घातली. तो अंगरक्षक याच कादोगोंपैकी होता असं सांगतात.

१९९८ ते २००३ दुसरं युद्ध झालं, आजूबाजूचे अर्धा डझनहून जास्त देश त्यात उतरले. २००१ मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी सांगितलं की सैन्यं सोनं, हिरे, कोल्टन बाहेर नेतायत आणि त्यावरच युद्ध चाललंय. कोल्टनमधून टँटॅलम मिळतो, तो फोनच्या सर्किटमधल्या इवल्याशा कपॅसिटरमध्ये लागतो. ते आजही संपलेलं नाही. पूर्वेच्या मासिसी भागात रुबाया नावाचं खाणींचं गाव आहे. जगातल्या टँटॅलमपैकी १५ टक्क्यांच्या आसपास त्या एका परिसरातून येतो. एप्रिल २०२४ मध्ये एम-२३ या बंडखोर गटानं रुबाया घेतलं. जानेवारी २०२५ च्या शेवटी त्यांनी गोमा हे शहरच घेतलं.

गोमातल्या रस्त्यावरच्या मुलांना वेगळा शब्द आहे, मायबोबो. तिथे मात्र युद्ध थेट आहे. गाव सोडून पळताना हात सुटला, छावणीत आई सापडली नाही, असं. गोम्यात चुकुडू नावाचं एक वाहन आहे, लाकडाची दुचाकी, पेडल नाही, पायानं ढकलायची, त्यावर दोन-दोनशे किलो माल नेतात. शहरात तिचा सोनेरी पुतळाही आहे. उतारावर मोठा माणूस ती हाकतो आणि चढाला मागून ढकलायला मुलं लागतात. चढ संपला की दोन पैसे हातावर. असं हे काम.

दक्षिणेत कोल्वेझीला तिसरं चित्र. तिथे आज गोळीबार नाही, पण कोबाल्ट आहे. जगात खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी ७० टक्क्यांहून जास्त एकट्या काँगोतून येतं, आणि तुमच्या-माझ्या फोनच्या बॅटरीत ते काही ग्रॅम असतं. गेकामिननं २००३ च्या सुमारास दहा हजारांहून जास्त कामगार घरी पाठवले. जे खाणीत पगारावर उतरायचे ते आता फावडं घेऊन स्वतःच खणायला लागले. २०१४ मध्ये कोल्वेझीच्या कासुलो वस्तीत घराखाली कोबाल्ट सापडलं, आणि बघता बघता लोकांनी अंगणं खणली, मग घरातल्या खोल्यांतनं बोगदे उतरवले. अख्खी वस्ती पोखरली. अ‍ॅम्नेस्टीनं २०१६ च्या अहवालात या भागातल्या मुलांशी बोलून लिहिलं. दगड वेचायचे, धुवायचे, पोती वाहायची, दिवसाला एक-दोन हजार फ्रँक, म्हणजे एक-दोन डॉलर. युनिसेफचा २०१४ चा अंदाज होता, दक्षिणेच्या खाणींवर साधारण चाळीस हजार मुलं.

यातली बरीच शाळेची फी भरायला खणत होती, हे ऐकून मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. २०१९ पासून तिथे प्राथमिक शाळा खरोखर मोफत करायला सुरुवात झाली. वर्ग तुंबले, शिक्षकांचे पगार रखडले, सगळं झालं, पण लाखो मुलं शाळेत आली. फी ही किती मोठी भिंत होती ते तेव्हा दिसलं.

आता तुम्ही विचाराल, मग आम्ही काय करायचं, फोन फेकून द्यायचा? मला हा प्रश्न प्रामाणिक वाटतो पण उत्तर सोपं नाही. २०१० मध्ये अमेरिकेनं कायदा केला की कंपन्यांनी कथील, टँटॅलम, टंगस्टन आणि सोनं कुठून आणलं ते सांगायचं. हेतू चांगला. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये काँगो सरकारनं पूर्वेचं खाणकाम सहा महिने बंदच केलं आणि नंतरही बरेच खरेदीदार फिरकले नाहीत. बंदूकवाले दुसऱ्या धंद्याकडे वळले. फावडंवाले घरी बसले. घरी बसलेल्या माणसाच्या घरात काय होतं, ते आपण आत्ताच पाहिलं. मी कायद्याच्या विरोधात नाही, पण ‘काँगोचं नको’ एवढं म्हणून हात झटकणाऱ्यांचा मला राग येतो.

आणि एक खटला आहे. डिसेंबर २०१९ मध्ये कोबाल्टच्या खाणीत मेलेल्या आणि जायबंदी झालेल्या मुलांच्या कुटुंबांच्या वतीनं वॉशिंग्टनच्या न्यायालयात दावा झाला. अ‍ॅपल, गूगल, डेल, मायक्रोसॉफ्ट आणि टेस्ला यांच्यावर. २०२१ मध्ये तो फेटाळला, मार्च २०२४ मध्ये अपिलातही तेच झालं. न्यायालयाचं म्हणणं साध्या भाषेत असं की पुरवठ्याच्या साखळीतून माल विकत घेणं म्हणजे खाणमालकाच्या धंद्यात भागीदार होणं नव्हे. कायद्याच्या भाषेत ते बरोबरही असेल, मी वकील नाही. पण साखळीच्या या टोकाला, जिथे सगळ्यात जास्त पैसा आहे, तिथे ती इतकी लांब की दोष कुणाला चिकटतच नाही. आणि त्या टोकाला, किन्शासाच्या एका खोलीत, जिथे दहातले सात जण दिवसाला सव्वादोन डॉलरच्या आत जगतात अशा देशात, तिथे दोष लगेच चिकटतो. अंथरूण ओलं करणाऱ्या आठ वर्षांच्या पोराला.

त्यात भर घातली ती तिथल्या नव्या ‘जागृती’ चर्चेसनी. सगळ्या नाही, पण बऱ्याच. पास्टर पोराकडे बघून निदान करतो, होय, यात किंदोकी आहे. मग ‘मुक्ती’साठी मुलाला चर्चमध्ये डांबून ठेवतात, दिवसेंदिवस उपाशी, तहानलेलं, कबूल करेपर्यंत मारतात. घरचे त्याचे पैसे देतात. आपल्याकडच्या बुवाबाजीची सवय असल्यामुळे मला हे ऐकून नवल वाटलं नाही, नुसता वीट आला.

कायदा आहे बरं का. काँगोच्या २००६ च्या राज्यघटनेतच मुलावर चेटकाचा आरोप करायला बंदी आहे, आणि जानेवारी २००९ च्या बालहक्क कायद्यात शिक्षाही आहे. आपला महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा, डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर आलेला. म्हणजे त्या बाबतीत ते आपल्या पुढे होते! पण कायदा पास्टरपर्यंत क्वचित पोचतो, पोलीस पोचतात ते शेगेपर्यंत. २०१३ च्या शेवटी किन्शासात गुंडांविरुद्ध ‘ऑपरेशन लिकोफी’ झालं. ह्यूमन राइट्स वॉचनं त्यात पोलिसांनी मारलेल्या किमान ५१ तरुण आणि मुलांची नोंद केली, ३३ जण बेपत्ता. काही रस्त्यावरची मुलं होती, गुंड नव्हतीच.

त्यातही काही लोक टिकून काम करतात. किन्शासात रेजेर नावाचं एक जाळं आहे, रस्त्यावरच्या मुलांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचं. या कामातला सगळ्यात किचकट भाग म्हणजे मुलाला परत घरी नेणं. घरी जाऊन नुसतं ‘चेटूक नसतं हो’ म्हणून भागत नाही. कितीतरी वेळा जावं लागतं, मामा नाही तर आत्या, कुणीतरी एक माणूस शोधावं लागतं जो ‘ये’ म्हणेल. आणि बरोबर शाळेची फी किंवा आईच्या छोट्या धंद्याला थोडं भांडवल न्यावं लागतं. ते असलं की किंदोकीबद्दलचं बोलणं आपोआप कमी होतं. मला वाटतं या सगळ्या भागात सांगायचं होतं ते त्या कार्यकर्त्यांना कधीपासून माहीत आहे.

जाता जाता एक ऐकायची शिफारस. स्टाफ बेंडा बिलिली नावाचा बँड होता, किन्शासाच्या प्राणिसंग्रहालयाच्या परिसरात सराव करणारा. पोलिओनं पाय गेलेले वादक, तीनचाकी सायकलींवर बसून वाजवायचे. त्यांच्याबरोबर रस्त्यावरचा एक मुलगा होता, रोजे लांडू. त्यानं स्वतः एक वाद्य बनवलं होतं, सातोंगे. दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा, एक वाकवलेली काठी आणि एकच तार. आपल्या तुणतुण्याचा लांबचा भाऊ म्हणा. पण तो त्या एका तारेवर गिटारसारखा सोलो वाजवतो! २००९ चा अल्बम आहे, ‘त्रे त्रे फोर’. त्यात ‘तोंकारा’ नावाचं गाणं आहे, तोंकारा म्हणजे झोपायला अंथरलेला पुठ्ठा. २०१० मध्ये त्यांच्यावर ‘बेंडा बिलिली!’ हा माहितीपट कान महोत्सवात दाखवला गेला. पुढे बँड फुटला, भांडणं झाली, ते सगळं नेहमीचं.

इअरफोन लावून ऐका. सुरुवातीला वाटेल कुणी उंच आवाजात गातंय. तो डबा आहे.

चला, भेटू पुढच्या भागात.